बंद घर म्हणजे बेवारस घर नव्हे

कोकणात अलीकडे एक नवा छंद बोकाळला आहे. गळ्यात कॅमेरा अडकवून तरुणांची टोळकी गावोगाव फिरतात, वापरात नसलेले एखादे कौलारू घर हेरतात, गडगा ओलांडून आत शिरतात आणि तासाभरात बाहेर पडतात. संध्याकाळपर्यंत त्या घराची छायाचित्रे हजारो अनोळखी डोळ्यांपुढे जाऊन पडलेली असतात. खाली एखादी ओळ : 'काळाने विसरलेले घर', 'शापित वाडा', 'येथे आता कोणीच राहत नाही'. घर कोणाचे, दार कोणी उघडून दिले, आत शिरण्यास कोणाची अनुमती घेतली, याचा मात्र कोठेही उल्लेख नसतो. या छंदाविषयी आम्हांला आज काही कडू बोलावयाचे आहे. तसे बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, हा अपराध आम्ही स्वतः केलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना सरत आला होता. आम्ही तिघे मित्र रत्नागिरीस थिबा राजवाडा पाहण्यासाठी गेलो होतो. राजवाडा पाहून परतताना आडवाटेच्या एका वाडीत, पाखाडीच्या टोकाशी, एक बंद घर दिसले. जांभ्या दगडाचा चौथरा, मातीच्या भिंती, नळ्याची कौले. पुढच्या दाराला कुलूप होते. मागच्या पडवीच्या दाराची कडी मात्र गंजून निखळली होती. दार ढकलून आम्ही आत गेलो. माजघरात अंधार होता. उजेड हवा म्हणून पश्चिमेच्या खिडकीचा अडसर काढून आम्ही तिची दारे उघडली. उन्हाचा पट्टा जात्यावर पडला. चौकट रिकामी वाटते म्हणून फळीवरचा तांब्या उचलून जात्याशेजारी ठेवला. छायाचित्र उत्तम आले. जूनच्या अखेरीस मुंबईतील एका प्रदर्शनात आम्ही ते 'विस्मृती' या नावाने टांगले आणि चार लोकांची वाहवाही मिळवली.

शेवटच्या दिवशी एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून त्या छायाचित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा सगळा संसार गिरणगावात झाला होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आमचं माजघर. फोटो झकास आलाय हो. पण हा तांब्या इथं कसा? तो फळीवर असतो." आम्ही ओशाळलो. मग त्यांनी विचारले, "येताना खिडकी लावून आलात ना?"

"हो, लावली," असे आम्ही म्हणालो. ते खोटे होते. आम्ही ती लावली नव्हती, आणि त्या क्षणी ते आम्हांला स्वच्छ आठवत होते.

सप्टेंबरात नातवाचा दूरध्वनी आला. गणपतीला मंडळी गावी गेली तेव्हा पश्चिमेची भिंत बसलेली आढळली. तो तक्रार करीत नव्हता. भिंत पूर्वी कशी होती हे गवंड्याला दाखवावयाचे होते, म्हणून त्याला आमच्या छायाचित्राची प्रत हवी होती. त्या दिवशी आम्ही खरे काय ते सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग "प्रत जरा मोठी पाठवा," एवढेच तो म्हणाला.

ती भिंत आमच्या खिडकीमुळेच पडली का, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्या सिद्धतेची आम्हांला गरजही वाटत नाही. जूनच्या अखेरीस आम्ही खरे बोललो असतो, तर गावातील शेजाऱ्याने दहा मिनिटांत ती खिडकी लावली असती. 'विस्मृती' हे नाव आम्ही घराला दिले होते. ते आम्हांला अधिक शोभले असते.

आता या छंदाच्या मुळाशी असलेल्या गैरसमजाकडे वळू. ज्या घरात आज माणूस दिसत नाही ते घर टाकून दिलेले आहे, असे ही मंडळी गृहीत धरतात. कोकणात हे गृहीतच चुकीचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. ज्या दशकात देशाची लोकसंख्या वाढतच होती, त्या दशकात हा जिल्हा सुमारे ८२ हजारांनी घटला. माणसे गेली कोठे, हे कोणाही कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. ती मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, हळूहळू भोंगे कायमचे थांबले, तेव्हा त्यांची मुले मिळेल त्या नोकरीसाठी उपनगरांत पांगली. काही आखातात गेली. घर मात्र गावीच राहिले. त्याची घरपट्टी भरली जाते. ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्याला क्रमांक आहे, मालकाचे नाव आहे. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला ते उघडते, सारवले जाते, त्यात चूल पेटते. वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या घराला बेवारस म्हणावयाचे असेल, तर वर्षातून एकदा आईला भेटणाऱ्या मुलाच्या आईला निपुत्रिक म्हणावे लागेल.

शिवाय असे घर किती नाजूक असते, हे बाहेरून आलेल्यास ठाऊक नसते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. हा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर तिरका येतो. नळ्याच्या कौलांची शाकारणी दरसाल करावी लागते. एक कौल सरकले तरी पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर उतरते. मातीची भिंत ऊन सोसते, वर्षे सोसते; पण डोक्यावरून वा कुशीतून आलेले पाणी तिला एका पावसाळ्यातही मऊ करून टाकते. ओलीपाठोपाठ वाळवी येते. कौलाचा आधार घेऊन माळ्यावर चढणारा, उजेडासाठी कौल सरकवणारा, वाऱ्यासाठी दार उघडे टाकणारा हौशी छायाचित्रकार त्या घराचे आयुष्य कमी करून जातो आणि घरी जाऊन 'पडझडीचे सौंदर्य' या विषयावर चार ओळी लिहितो. ज्याने पडझडीला हातभार लावला, त्याने तिच्या सौंदर्याचे कौतुक करावे, हे आम्हांला निर्लज्जपणाचे वाटते.

या छंदाचे समर्थक तीन युक्तिवाद पुढे करतात. त्यांचा एकेक विचार करू.

पहिला युक्तिवाद : आम्ही छायाचित्रांखेरीज काही नेत नाही आणि पावलांच्या ठशांखेरीज काही ठेवीत नाही. जगभरच्या या छांदिष्टांचे हे आवडते तत्त्व आहे आणि ऐकण्यास ते उदात्त वाटते. पण छायाचित्र म्हणजे काहीच नव्हे, हे कोणी ठरवले? एखाद्याचे देवघर, माजघर, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला मुलांच्या उंचीचा हिशेब हे सारे चव्हाट्यावर मांडणे म्हणजे काही न नेणे नव्हे. त्यातून जुन्या लाकडी खांबांना, नक्षीच्या दारांना, पितळी भांड्यांना शहरात गिऱ्हाईक आहे. घराचा ठावठिकाणा सांगणारे छायाचित्र रसिकाला जसे वाट दाखवते, तसे चोरालाही दाखवते. ज्या घराचे मालक शेकडो किलोमीटरवर आहेत, त्याची अशी जाहिरात करण्याचा अधिकार कोणाला?

दुसरा युक्तिवाद : मालकांनीच घराकडे पाठ फिरवली आहे, मग आम्ही पाहिले तर बिघडले कोठे? यावर आमचे म्हणणे असे की, पाठ का फिरली हे विचारल्यावाचून निवाडा देऊ नये. आजोबा वारले, त्यांच्या पाच मुलांची नावे कागदावर चढली, पुढे त्यांच्या मुलांची चढली. वीस-पंचवीस जणांची सामाईक मालकी झालेल्या घराचे एक आढे बदलावयाचे तरी सर्वांचे एकमत लागते आणि खर्च कोणी करावयाचा यावरून भाऊबंदकी होते. कोणाजवळ पैसा असतो पण हिस्सा नसतो. कोणाजवळ हिस्सा असतो पण पैसा नसतो. कुलपामागे बहुधा अशी एखादी कहाणी असते. तिला 'शाप' म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात 'भूत' आहे अशी आवई उठते, त्या घरच्या माणसांना गावात मान खाली घालावी लागते, याचा विचार आवई उठवणारा करीत नाही.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात : ही घरे नाहीतरी पडणारच आहेत, आम्ही छायाचित्रे काढली नाहीत, तर त्यांची आठवणही उरणार नाही. हे अर्धे खरे आहे. आमच्याच छायाचित्रावरून गवंड्याने ती भिंत पुन्हा उभी केली. पण आठवण राखण्याचे काम करावयाचे असेल तर ते कामासारखे करावे. यूजीन आजे हा फ्रेंच छायाचित्रकार १९२७ साली वारला. तत्पूर्वी सुमारे तीस वर्षे तो जड कॅमेरा खांद्यावर वाहून जुन्या पॅरिसचे अंगण, जिना, दार, दुकान टिपत हिंडला. आणि छायाचित्राबरोबर रस्त्याचे नाव, घराचा क्रमांक यांची नोंद ठेवीत गेला. म्हणून ती छायाचित्रे अभ्यासकांच्या उपयोगी पडली. आमचे आजचे छांदिष्ट याच्या नेमके उलट करतात. नाव गाळतात, गाव गाळतात, कारण नाव आले की गूढ संपते. आणि वस्तू हलवतात. युक्रेनमधील प्रिप्यात हे शहर चेर्नोबिलच्या अणुभट्टीतील स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी रिकामे करण्यात आले. पुढे तेथे जाणाऱ्या पर्यटकांनी शाळांतील बाहुल्या आणि वायूचे मुखवटे आपल्या सोयीने मांडून ठेवले. आज तेथील अनेक छायाचित्रांत दिसणारी करुणा ही अशी मांडलेली करुणा आहे. आमचा जात्याशेजारचा तांब्या त्याच जातीचा होता. ती आठवण नव्हती. आठवणीची नक्कल होती, आणि घरच्या माणसाने ती एका दृष्टिक्षेपात ओळखली.

त्या दिवशी सकाळी पाहिलेला राजवाडा आम्हांला पुढे वारंवार आठवत राहिला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले. आधी मद्रास आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, असा त्याचा वनवास झाला. कित्येक वर्षे भाड्याच्या बंगल्यात काढल्यानंतर १९१० साली तो या लाल वाड्यात राहावयास आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये येथेच वारला. १९१९ साली कुटुंबाला मायदेशी जाण्याची मुभा मिळाली आणि वाडा रिकामा झाला. मात्र थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस परतली. वाड्यावर चाकरीस असलेल्या गोपाळ सावंतापासून तिला टूटू ही मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ साली रत्नागिरीतच निवर्तली. टूटूने आपले कष्टाचे आयुष्य याच गावात, मराठी बोलत, मराठी संसार करीत काढले. ती २००० साली वारली. राजाची नात रत्नागिरीची होऊन गेली!

ही कहाणी आज आपणांस ठाऊक आहे, कारण त्या वाड्याला नाव उरले. वाडा शासनाने राखला, त्यात वस्तुसंग्रहालय आले, ग्रंथ लिहिले गेले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले, ते नाव उरले म्हणूनच. मालगुंडचे केशवसुतांचे जन्मघर १९९४ साली स्मारक म्हणून उभे राहिले, तेही घर कोणाचे हे लोकांनी विसरू दिले नाही म्हणून. वाड्याच्या रंगीत काचांच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांची छायाचित्रे कोणी कितीही काढावीत. बाहेरचा फलक ती कहाणी सांगण्यास समर्थ आहे. पाखाडीच्या टोकाच्या घराला फलक नसतो. त्याचे नाव फक्त दोन ठिकाणी असते : मालकाच्या मनात आणि शेजाऱ्याच्या जिभेवर. राजाच्या घरात शिरताना आपण तिकीट काढतो आणि गिरणी कामगाराच्या घरात शिरताना कडी ढकलतो. नियम याच्या उलट असावयास हवा होता. कारण ज्याला पहारेकरी नाही, तेथे पाहुण्यानेच पहारा करावयाचा असतो.

कोणी म्हणेल, याला कायदा आहे की. आहे, पण फौजदारी कायदा आत शिरणाऱ्याचा हेतू पाहतो, आणि 'आमचा हेतू कलेचा होता' असे म्हणण्यास कोणाला काय लागते? म्हणून आम्ही कायद्याच्या दारी जात नाही. सद्सद्विवेकाच्या दारी जातो.

आणि तेथे गेल्यावर केवळ तरुणांना दोष देऊन चालणार नाही. आपल्याही घराकडे पाहावयास हवे. वसईच्या किल्ल्यात १७३९ पर्यंत नांदती असलेली चर्चे आज छपराविना उभी आहेत. त्यांच्या जमिनीत कबरींचे दगड आहेत, त्या दगडांवर माणसांची नावे कोरलेली आहेत. लग्नाआधीची छायाचित्रे काढवून घेण्यासाठी जोडपी तेथे येतात. बूट त्या नावांवर असतात आणि नजर कॅमेऱ्याकडे. त्या जोडप्यांत आपली मुले नसतात असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? दोन नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरी धुतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावतो, नाव वाचून प्रार्थना करतो. परक्याच्या कबरीवर मात्र आपला पाय सहज पडतो.

नवे घर बांधले की आपण धर्मगुरूंना बोलावून त्याला आशीर्वाद देववतो, दारावर क्रूस लावतो, शेजाऱ्यांना जेवू घालतो. पण जुने घर बंद करताना आपण काय करतो? चावी खिशात टाकतो. मग नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जुन्या घराचे छायाचित्र सुंदर चौकटीत लावतो आणि पाहुण्यांना म्हणतो, 'हे आमचं मूळ घर.' त्या चौकटीला जेवढा खर्च आला, तेवढ्यात दोन वर्षांची शाकारणी झाली असती. भावाभावांनी एक दिवस एकत्र बसून कागद नीट करून घेतले असते, शेजाऱ्याकडे चावी आणि चार पैसे ठेवले असते, तर मागच्या दाराची कडी निखळलेली राहिली नसती आणि आमच्यासारख्या भामट्यांना ती ढकलता आली नसती. आमचा अपराध याने कमी होत नाही. पण बंद घराची राखण ही जशी पाहुण्याची जबाबदारी आहे, तशी ती धन्याचीही आहे.

मग छायाचित्रे काढूच नयेत काय? जरूर काढावीत. पण आधी शेजारच्या घरी जावे, पाणी मागावे आणि घर कोणाचे ते विचारावे. कोकणात शेजाऱ्याला मालकाचा मुंबईचा पत्ता ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. मालकाला विचारावे, तो नाही म्हणाला तर बाहेरून नमस्कार करून परतावे. हो म्हणाला तर शेजाऱ्याला सोबत घेऊन आत जावे. वस्तू हलवू नये. पडवी, ओटी, माजघर, वळई, न्हाणीघर असे एकेक दालन नावानिशी टिपावे. खांबाचे लाकूड कोणते, कौले नळ्याची की मंगलोरी, घर कोणी व केव्हा बांधले, हे शेजाऱ्याला विचारून लिहून ठेवावे. सर्व छायाचित्रांची एक प्रत घरच्यांना द्यावी. जगापुढे मांडावयाची ती त्यांच्या संमतीने मांडावी, आणि मांडताना 'भूत', 'शाप' हे शब्द घरी ठेवून यावे. आपल्या धर्मग्रामांतील युवकांना सुट्टीत करण्याजोगे काही हवे असेल, तर आपल्याच गावांतील जुन्या घरांची अशी नोंद करण्याहून चांगले काम आम्हांला सुचत नाही. आजी-आजोबा आहेत तोवर ते करावे. नंतर सांगणारे कोणी उरणार नाही.

त्या बाई आता हयात नाहीत. भिंत मात्र पुन्हा उभी राहिली. तीत चिरे आले, माती गेली, पण खिडकी त्याच जागी आहे. पुढच्या शिमग्याला त्यांच्या नातवाने आम्हांला आवर्जून बोलावले. आम्ही गेलो. कॅमेरा बरोबर होता, पण त्याने सांगेपर्यंत तो पिशवीतून काढला नाही. निघताना माजघरात जाऊन खिडकीचा अडसर बसला आहे की नाही, हे आम्ही हाताने चाचपून पाहिले. आमचे झाले असे वाटून बाहेर आलो, तर नातू पुन्हा आत गेला आणि त्याने स्वतः एकदा पाहून घेतले. त्याचे बरोबरच होते.